सलग सूर

शॉक लागलाच तर काळजापर्यंत जाऊ नये म्हणून सुचिताने डावा हात पाठीमागे नेऊन ओढणीच्या गाठीत अडकवला आणि उजव्या हाताने मीटरची सळई उघड्या ॲम्प्लिफायरच्या पोटात घातली. काटा वर उडाला, थोडा थांबला आणि सावकाश खाली येऊ लागला.

"बंद करून एवढा वेळ झाला, तरी करंट हाय?" ओंकारने वाकून विचारले.

"कंडेन्सरमध्ये साठून राहतो. चारशे व्होल्ट. आणि तू बोटं लांब ठेव."

तो हसला, पण बोटे मागे घेतली नाहीत. एका व्हॉल्व्हच्या बुडाशी लोंबणारी लाल वायर त्याला दाखवायची होती. सुचिताने त्याच्या मनगटावर चापट मारली. लहानपणी मारायची त्यापेक्षा जोरात बसली असावी, कारण ओंकारने हात एकदम खिशात घातला.

घराच्या मागच्या पडवीत हे काम चालले होते. पावसाळ्याआधीची तयारी म्हणून खिडकीवर ताडपत्री ठोकून झाली होती, त्यामुळे भर सकाळीही तिथे अंधारून आल्यासारखे वाटत होते. टेबल आबांचे. आबा, म्हणजे या दोघांचे वडील अंबाजी, जत्रांना आणि लग्नांना कर्णे भाड्याने द्यायचे. ते गेल्यावर त्यांच्या जुन्या लाउडस्पीकरच्या मशीनमधले ट्रान्सफॉर्मर काढून सुचिताने धाकट्या भावासाठी गिटारचा हा ॲम्प्लिफायर बांधला होता. ती कारखान्यात मीटर दुरुस्तीच्या विभागात होती, सासर चौलला होते. पण सुट्टी मिळाली की माहेरी येऊन या टेबलाशी बसणे तिला आवडायचे.

ॲम्प्लिफायर साधा होता. तारेला नखाने छेडले तर नखाचाही आवाज यावा, इतका स्वच्छ. ओंकार पंचक्रोशीत हळदीच्या कार्यक्रमांना वाजवायचा आणि हा कोरडा आवाज हीच त्याची ऐट होती. दुसरे वादक पायाशी पेडलांची रांग मांडायचे तेव्हा तो म्हणायचा, "ज्याला वाजवता येत न्हाय त्याला मसाला लागतो."

म्हणून त्याचा फोन आला तेव्हा तिला नवल वाटले होते. रिव्हर्ब बसव, ट्रेमोलोही बसव, आणि सुजितच्या हळदीच्या आधी बसव. सुजित म्हणजे त्याच्या लाँचवरचा खलाशी. ओंकार लाँचचा सारंग होता. गावच्या धक्क्यावरून खाडीच्या मुखातून पलीकडच्या तीराला जाणाऱ्या लहान लाँचचे सुकाणू त्याच्या हातात असे.

"आज संध्याकाळपर्यंत होईल ना, ताई?"

"रिव्हर्ब आत्ता होतो बघ."

रिव्हर्ब म्हणजे पत्र्याच्या चपट्या ट्रेमध्ये ताणलेल्या लांब स्प्रिंग. आवाज एका टोकाने आत सोडायचा. तो स्प्रिंगमधून धावत जातो, आपटून परत येतो, आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडेपर्यंत त्याला मोठ्या रिकाम्या खोलीचा घुमारा आलेला असतो. सुचिताने शेवटचा डाग दिला आणि मशीन चालू केले. व्हॉल्व्हच्या काचा आतून तांबूस झाल्या. ट्रे सरकवताना तिचा कोपर त्याला लागला, आणि स्पीकरमधून डोंगरकडा कोसळल्यासारखा आवाज झाला.

स्वयंपाकघरातून आई धावत आली. "काय पडला गो?"

"काय न्हाय. स्प्रिंग हलली."

आई दारातच उभी राहिली. मशीनकडे नव्हे, ओंकारकडे बघत. मग आत गेली.

ओंकारने गिटार घेतली. पूर्वी तो हातात गिटार आली की आधी एक वेगवान तुकडा वाजवायचा, बोटे दिसणार नाहीत असा. आज त्याने एकच सूर छेडला आणि थांबला. स्प्रिंगने तो सूर लांबवला, पडवीभर पसरवला. तो विरता विरता ओंकारने दुसरा छेडला. मधली सगळी जागा मशीनने भरून काढली.

"झकास," तो म्हणाला. "आता दुसरं."

ट्रेमोलो अवघड नव्हता. आवाज ठरावीक ठेक्यात कमी-जास्त व्हायला हवा. त्यासाठी तिने आणलेली युक्ती जुनी होती: एक इवलासा लुकलुकणारा दिवा, आणि त्याच्यासमोर उजेड ओळखणारा एक पुर्जा. दिवा लागला की आवाज दबतो, विझला की वर येतो. शेवटी दोन्ही काळ्या नळीत बंद करायचे, म्हणजे बाहेरचा उजेड लागत नाही. तिने आधी तो पुर्जा जोडला. दिव्याच्या वायरी अजून टेबलावर मोकळ्या पडल्या होत्या.

"मोबाइलचा टॉर्च धर. मला आत दिसत न्हाय."

स्वतःच्या फोनमधून तिने एक सलग सूर मशीनमध्ये सोडला. असा सूर सोडला की दोष लगेच कळतो. कुठे खरखर, कुठे गळती, सगळे उघडे पडते. स्पीकरमधून तो सूर रेघ ओढल्यासारखा येऊ लागला. सुचिताने डावा हात पुन्हा पाठीमागे घेतला आणि चिमट्याने एक वायर बाजूला केली.

सूर थरथरू लागला.

तिने चिमटा बाहेर घेतला. थरथर तशीच. तिने डागावर काडी दाबून पाहिली, व्हॉल्व्ह हलवून पाहिला. अगदी हवा तसा ट्रेमोलो येत होता. फक्त दिव्याच्या वायरी टेबलावर पडलेल्या होत्या.

"झालं की काय?" ओंकार म्हणाला. "मस्त येतो आवाज."

ती उत्तर देणार होती, तेवढ्यात तिचे लक्ष उजेडाकडे गेले. टॉर्चचे पांढरे वर्तुळ मशीनच्या पोटात पडले होते. त्याची कड त्या उघड्या पुर्ज्यावरून मागे-पुढे, मागे-पुढे होत होती. न थांबता, एका ठेक्यात. वर्तुळ पुर्ज्यावर आले की सूर दबत होता, सरकले की वर येत होता.

तिने वर पाहिले नाही. उजवा हात आडवा धरून पुर्ज्यावर सावली केली. सूर पुन्हा सरळ झाला.

"टॉर्च बंद कर," ती म्हणाली. "दिसलं मला."

रुचिका चहा घेऊन आली. ओंकारची बायको, बोलायला मोकळी, पण आज तिने कप टेबलावर ठेवले आणि नणंदेकडे न बघता उभी राहिली. सुचिताचा कप भरलेला होता. ओंकारचा अर्धा. त्याने तो दोन्ही हातांनी उचलला आणि एका दमात संपवला.

दुपारी ओंकार लाँचच्या फेरीवर गेल्यावर सुचिता मागच्या दारी गेली. रुचिका दोरीवर कपडे घालत होती. ओंकारच्या सदऱ्यांची बटणे आधीच लावलेली होती. वरचे एक मोकळे, बाकीची बंद. डोक्यातून घालायचा असावा तसा सदरा.

"कधीपासून?" सुचिताने विचारले.

रुचिकाने चिमटा दाबून बसवला. "गणपतीनंतर."

"डॉक्टर?"

"न्हाय जात. कागदावर लिवून दिलं तर लाँच सुटेल, बोलतात."

"सुटायलाच पायजे, रुचिका. माणसं असतात लाँचमध्ये."

"ताई, आमाला म्हायती हाय सगळं." ती पहिल्यांदा तिच्याकडे वळली. "लाँच हाय म्हणून ते सकाळी उठतात. गिटार हाय म्हणून रात्री झोपतात. तुमी तेवढं मशीन नीट करा."

ओट्याशी बसून आई मासळी साफ करत होती. तिचा कोयता थांबला नाही.

"तुज्या आबांचा बी असाच चालू झाला व्हता," ती खाली बघतच म्हणाली. "त्यांना काय समुद्रावर जावा लागत नव्हता."

सुचिता टेबलाशी परत आली. दिव्याच्या वायरी जोडल्या, दोन्ही पुर्जे काळ्या नळीत घातले, नळीची तोंडे बंद केली. पायाने दाबायचे बटण आणि मशीनमागे एक खटकाही लावला. हे सगळे आपण का करतो आहोत, असे तिला एकदा वाटले. मग तिने झाकण लावून स्क्रू आवळले.

संध्याकाळी सुजितच्या अंगणात मांडव माणसांनी भरला होता. हळदीने पिवळाधमक झालेला सुजित पाटावर बसला होता आणि बायका त्याला सोडत नव्हत्या. ढोलाच्या बाजूला ओंकार खुर्चीवर बसून वाजवत होता. पूर्वी तो उभ्याने वाजवायचा. ट्रेमोलोचा वेग त्याने स्वतः लावला होता. सुचिताला तो ठेका आता ओळखू येत होता. प्रत्येक सुराला हेलकावा होता, मागे स्प्रिंगचा घुमारा होता, आणि लोक म्हणत होते की ओंकारच्या हाताला यंदा वेगळीच गोडी आली आहे.

सुचिता मशीनच्या मागे बसली होती. एका संथ गाण्यात लांब सूर आला. तिने मशीनमागचा खटका खाली केला आणि ट्रेमोलो बंद झाला.

सूर सरळ झाला नाही. ट्रेमोलो नुसता आवाज कमी-जास्त करतो, सुराला धक्का लावत नाही. हा सूरच जागेवरून घसरत होता, वर-खाली होत होता, तारेवरचे बोट पकड शोधत असल्यासारखा. मोठ्या स्पीकरमधून ते सगळ्या अंगणावर पसरले. सुचिताने माणसांकडे पाहिले. कुणाचा पाय चुकला नाही. एका म्हाताऱ्याने तर दाद द्यायला हात वर केला.

फक्त ओंकारने मान वळवली. बहिणीकडे पाहिले, खटक्यावरच्या तिच्या बोटाकडे पाहिले, आणि वाजवत राहिला. तिने खटका वर केला.

गाणे संपल्यावर सुजित पाणी प्यायला तिच्याजवळ आला. हळदीचा वास दरवळत होता.

"ताई, आज दादा तोडतोय नुसता," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "उद्या जरा बघा हां त्याच्याकडं. वऱ्हाड आपल्याच लाँचनं जायचंय. मी तर नवरा, मला कोण सुकाणूला हात लावू देणार? रोज धक्क्याला लागताना मीच धरतो."

"का?"

सुजित घुटमळला. खाडीच्या मुखाशी वाळू साचलेली होती आणि तिच्या कडेला मासेमारांनी जाळ्यांसाठी लाकडी खांब ठोकलेले होते. त्या दोहोंच्या मधून लाँच काढावी लागायची. ते गावात सगळ्यांना ठाऊक होते.

"परवा खांबांपाशी दादाचा हात सुटला," तो म्हणाला. "मी बाजूलाच होतो म्हणून. पण तुमी कुणाला बोलू नका. चांगल्या दिवशी कशाला."

कुणीतरी त्याला ओढून पुन्हा पाटावर नेले.

मांडवातली गर्दी जेवायला वळली तेव्हा ओंकार वायरी गुंडाळत होता. सुचिता त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"कोणाला कळलं न्हाय," तो म्हणाला.

"उद्या तू लाँच नेऊ नकोस."

"मग कोण नेईल? वऱ्हाड पोहून जाईल?"

"ओंकार."

"पावसाळा आला की लाँच बंदच व्हतात, ताई. मग जातो ना डॉक्टरकडं. थोडे दिवस." त्याने वायरीचे वेटोळे छातीशी धरले, हात दिसणार नाहीत असे. "आजवर झालंय का काय?"

"परवा?"

त्याचा चेहरा बदलला. त्याने मांडवाकडे पाहिले, सुजितकडे. मग वायर खांद्यावर टाकून तो निघून गेला. ॲम्प्लिफायर न्यायला तो परत आला नाही; तो सुचितानेच रिक्षात घालून घरी आणला.

सकाळी वारा सुटला होता. खाडी ओहोटीला लागली होती आणि पाण्यावर लहान लहान पांढरे तुरे उठत होते. धक्क्यावर वऱ्हाड जमले होते: नवी लुगडी, भरजरी फ्रॉक घातलेल्या मुली, आहेराच्या टोपल्या, मुंडावळ्या सांभाळणारा सुजित. सुचिता गर्दीतून वाट काढत धनेशशेठपाशी गेली. लाँच त्यांची. ते तिकिटाच्या खोक्याला टेकून सगळ्यांना हसून हात जोडत होते.

"शेठ, ओंकारची तब्येत बरी न्हाय."

त्यांचे हसू कमी झाले नाही, फक्त थांबले. "हात ना? म्हायती हाय मला."

"भावासारखा हाय तो माझ्या," धनेशशेठ हळू आवाजात म्हणाले. "दुसरा सारंग कुठून आणू ऐन टायमाला? हा डोळे झाकून नेतो लाँच. पावसाळ्यात बसून बोलू आपण. आणि सुचिता, लग्नघर हाय. सगळ्यांसमोर काय काढू नको."

ते पुढे झाले आणि चढणाऱ्यांना घाई करू लागले.

म्हणजे आईला माहीत होते, रुचिकाला माहीत होते, सुजितला, मालकाला. प्रत्येकाने आपापल्या परीने थोडी थोडी जागा करून दिली होती, आणि त्या सगळ्या जागा मिळून ओंकार या धक्क्यापर्यंत येऊन पोहोचला होता. कालपासून त्यात तिचाही हात होता.

माहीत नव्हते ते फक्त चढणाऱ्यांना.

लाँचचे इंजिन धडधडत होते. पुढच्या काचेमागे ओंकार सुकाणूला दोन्ही हातांनी धरून उभा होता. त्याने बहिणीकडे पाहिले नाही. धक्का आणि लाँच यांच्यामध्ये फळी टाकली होती. पाणी हलले की ती सरकत होती. मुली धावत चढल्या. टोपल्या गेल्या. रुचिका चढली, आणि आत गेल्यावर तिने चटकन मागे वळून पाहिले.

सगुणाआत्या फळीपाशी येऊन थांबली. सुजितची आजी, आख्ख्या गावाची आत्या. तिच्या कडेवर पणती होती, झोपाळलेली, नव्या फ्रॉकला कंटाळलेली.

"सुचिता, हात दे गो बाय," आत्या म्हणाली. "पाय सरकतो माजा."

सुचिताने हात पुढे केला. आत्याने तो घट्ट धरला आणि एक पाय फळीवर ठेवला. सुचिताने तिला ओढले. लाँचकडे नाही, धक्क्याकडे.

"अगो, काय करतेस?"

"आत्ये, आपण रस्त्यानं जाऊ."

"रस्त्यानं? खाडीला वळसा मारून? मुहूर्त टळंल."

"टळू दे."

मागची रांग थांबली. कुणीतरी म्हणाले, चला की. कुणीतरी विचारले, काय झालं. सुचिता फळीच्या तोंडाशी उभी राहिली. तिला एवढेच कळत होते की बाजूला व्हायचे नाही. धनेशशेठ गर्दी सारत येत होते. सुजितने मुंडावळ्या बाजूला केल्या. त्याचा चेहरा हळदीच्या पिवळेपणातही पांढरा दिसत होता.

"उतरा," सुचिता लाँचमधल्यांना म्हणाली. आवाज मोठा निघाला नाही. ती पुन्हा म्हणाली, "खाली उतरा सगळे."

"डोकं फिरलंय का हिचं?" एका बाप्याने विचारले. "ओंकार, तुझ्या भैनीला आवर."

काचेमागे ओंकार हलला नाही. बराच वेळ हलला नाही. लाँच दोराला हिसके देत होती. दूर खाडीच्या मुखाशी ओहोटीने उघडे पडलेले खांब आता स्पष्ट दिसत होते, आणि त्यांच्या पायथ्याशी पाणी उसळत होते.

मग इंजिन बंद झाले.

एवढ्या माणसांत एकदम इतकी शांतता झाली की लाँचच्या पोटाखाली चुबकणारे पाणी ऐकू येऊ लागले. धनेशशेठ ओरडले, "ओंकार, चालू कर! काय चाललंय?" ओंकार दारातून बाहेर आला. त्याने वऱ्हाडाकडे पाहिले, बायकोकडे पाहिले. मग फळीवर आला. वाऱ्याने फळी सरकली तसा तो मध्येच थांबला आणि सुचिताने हात पुढे केला.

त्याने तो सगळ्यांच्या देखत धरला. थरथर तिच्या मनगटात आली, कोपरापर्यंत चढली. धक्क्यावरच्या माणसांना आता ती दिसत होती. एकेकाची नजर त्या दोन हातांवर येऊन थांबत होती. पुढच्या रांगेतली एक बाई हळूच आपल्या मुलीला हाक मारू लागली, लाँचमधून खाली ये म्हणून.

"कवापासून रे, पोरा?" सगुणाआत्याने विचारले.

ओंकारने आत्याकडे पाहिले. सुचिताने त्याचा हात सोडला नाही. हे त्याने सांगायचे होते.